शेवाळाचे पासबुक

"आजोबा, औषध शेवाळाचं होतं ना? मग मासे का मेले?"

गेल्या जून महिन्यातल्या एका सकाळी माझ्या आठ वर्षांच्या नातीने मला हा प्रश्न विचारला. घरात सगळे तिच्या प्रश्नाला वचकूनच असतात, पण त्या दिवशी मला खरोखर तोंड लपवावेसे वाटले. कारण उत्तर मला ठाऊक होते. औषधाची निळी बाटली माझ्या मुलाने पाण्यात ओतली तेव्हाही ते ठाऊक होते आणि तरीही मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नव्हते.

माशांची ही काचेची पेटी तिच्या वाढदिवसाला घरात आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ५५ लिटर पाणी. चार काळ्या मॉली आणि सहा गप्पी. पेटी ठेवली दिवाणखान्यात, पूर्वेच्या खिडकीला लागून, कारण सकाळचे ऊन पाण्यातून आले की दृश्य फार सुंदर दिसते. पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी धुळीसारखा थर आला. मग तो गेला आणि हिरवा आला. आणखी तीन आठवड्यांत समोरची काच अशी झाली की आत मासे आहेत हे पाहुण्यांना सांगावे लागे. सूनबाई म्हणाल्या, "काढून टाकू या ही पेटी." मुलगा दुकानात गेला आणि बाटली घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, दोन झाकणे टाका, तीन दिवसांत काच लख्ख.

त्याचे म्हणणे खरे ठरले. तीन दिवसांत काच लख्ख झाली. चौथ्या दिवशी पहाटे सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे वर करून हवा गिळत होते, आणि उजाडले तेव्हा दोन मॉली व तीन गप्पी तळाशी पडल्या होत्या.

झाले होते ते इतकेच. शेवाळ मेले, पण पाण्याबाहेर गेले नाही. ते तिथेच कुजू लागले. कुजवण्याचे काम करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, तो त्यांनी पाण्यातून घेतला. दिवसा शेवाळ आणि वनस्पती उजेडात प्राणवायू तयार करतात, रात्री त्याही तो वापरतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे. ज्यांनी प्राणवायू तयार करायचा त्यांना आम्ही मारले होते आणि त्यांच्या प्रेतांनी उरलेला संपवला होता. शिवाय अशा काही औषधांत तांब्याचे क्षार असतात. तांबे शेवाळाला मारते, तसे गोगलगायींना आणि कोळंबीलाही मारते, आणि मात्रा थोडी चुकली तर माशांनाही. आपण रात्रभर तांब्याच्या तांब्यात ठेवलेले पाणी सकाळी भक्तिभावाने पितो, तेव्हा ही बाजू सहसा लक्षात येत नाही. असो.

पंधरा दिवसांनी काच पुन्हा हिरवी झाली, हे सांगायचे राहिले.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायचे नसेल त्यांनी रविवारचा नाश्ता करावा. काचेवरचे शेवाळ हा रोग नव्हे. ते पासबुक आहे. पेटीत आपण काय भरले आणि त्यातले किती बाहेर काढले, याचा शिल्लक आकडा ते हिरव्या शाईने लिहून दाखवते. आकडा आवडला नाही म्हणून पासबुक फाडणारे ग्राहक मी नोकरीत पाहिले आहेत. त्याने शिल्लक बदलत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे स्वतःच्या घरात, पाच मासे गेल्यानंतर आठवावे लागले.

वस्तुतः मला ते फार पूर्वीच कळायला हवे होते. १९९४ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. वय अवघे तेहतीस, आणि त्या वयात असतो तेवढा अधिकाराचा तोरा. केबिनमध्ये एक माशांची पेटी होती, माझ्या आधीच्या साहेबांनी कुठल्याशा सल्ल्यावरून ईशान्येला ठेवलेली. तिची देखभाल आमचे शिपाईमामा करीत. आठवड्यातून एकदा ते एक बादली पाणी काढत, रात्रभर ठेवलेले एक बादली पाणी घालत आणि कॅशियरसाठी नोटा मोजायला आलेल्या स्पंजपैकी एक नवा कोरा स्पंज पट्टीला बांधून फक्त समोरची काच पुसत. मागची काच आणि दोन्ही बाजू हिरव्यागार. मला तो आळशीपणा वाटे.

वरिष्ठांची तपासणी यायची होती. मी मामांना फर्मावले, पेटी पूर्ण रिकामी करा, वाळू ब्लीचिंग पावडरने धुवा, सगळ्या काचा घासा, नवे पाणी भरा. मामा म्हणाले, "साहेब, निम्मंच बदलू या. त्यांना जुनं पाणी लागतं."

"जुनं पाणी?" मी हसलो. कॅशियरही हसले.

तपासणीच्या दिवशी पेटी आरशासारखी होती. साहेबांनी कौतुक केले. त्यानंतर आठवड्याभरात एकेक करून सहाही गोल्डफिश मेले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामी पेटी पुसून स्टेशनरीच्या खोलीत ठेवली आणि मी त्यांना त्याबद्दल कधीही विचारले नाही.

जुने पाणी म्हणजे काय, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. मासे जे खातात त्यातला नायट्रोजन शेवटी अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तोही मुख्यतः त्यांच्या कल्ल्यांमधून. अमोनिया विषारी. पेटीतल्या वाळूवर आणि गाळणीत जिवाणूंची वस्ती झालेली असते. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे काही त्याचे नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात. नव्या पेटीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचे तर हे विरजण आहे. मी ब्लीचिंग पावडरने विरजणाचे भांडे धुवून काढले होते आणि वर दूध ओतून दह्याची वाट पाहत होतो. मामांना नायट्रोजनचे नावही माहीत नसेल, पण विरजण राखायचे असते एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

ही काही आपल्याकडचीच अडाणी शहाणीव नव्हे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८४९ साली सुमारे १२ गॅलन मावतील असे काचेचे भांडे घेतले (म्हणजे जवळजवळ आमच्याच पेटीएवढे), त्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिसनेरिया ही गवताच्या पात्यासारखी पाणवनस्पती लावली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे तिला खत देतील, पाणी बदलायला नको, असा त्याचा हिशेब. काही दिवस बरे गेले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. आपल्या दुकानदाराची बाटली तेव्हा नव्हती, आणि हा गृहस्थ रसायनांचाच जाणकार असूनही त्याने पाण्यात रसायन ओतले नाही. त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि हिरवा थर खाऊन टाकला, पाणी निवळले, आणि गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली ते वेगळेच. १८५० साली त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. घरातल्या काचेच्या मत्स्यालयाचा जन्म बऱ्याच अंशी या प्रयोगातून झाला असे मानतात. म्हणजे मत्स्यालय आणि शेवाळाचा प्रश्न ही जुळी भावंडे आहेत.

मात्र गोगलगायी आणून सोडल्या की आपण मोकळे, असा अर्थ कोणी काढू नये. हल्ली दुकानात 'सकर' नावाचा मासा याच कामासाठी गळ्यात घालतात. बोटाएवढा असतो, काचेला तोंड लावून बसतो, मुलांना आवडतो. तो वाढून फूटभर किंवा त्याहूनही मोठा होतो हे कोणी सांगत नाही. मग घरात मावेनासा झाला की लोक पुण्य केल्याच्या भावनेने तो नदीत किंवा तळ्यात सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा चिलखती मासा आज पश्चिम बंगाल, आंध्र प्रदेश, केरळ अशा राज्यांच्या पाण्यात पसरला आहे, मच्छीमारांची जाळी फाडतो आणि त्याला बाजारात कोणी विचारत नाही. एका दिवाणखान्यातल्या काचेवरचा डाग पुसण्यासाठी ही किंमत फार झाली.

आमच्या घरी तर नवा सफाई कामगार आणायचीही गरज नव्हती. मॉली स्वतःच शेवाळ कुरतडून खातात. मग आमच्या मॉली का खात नव्हत्या? हा प्रश्न मी मोठ्याने विचारला तेव्हा आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ताटात जिलबी असताना मेथीची भाजी कोण खाईल? त्यांना दिवसातून किती जण खायला घालतात ते आधी बघा."

मी पाहिले. खरे म्हणजे मी माझ्या सवयीप्रमाणे एक वही आणली, तिला दोरा बांधून ती पेटीच्या शेजारी खिळ्याला अडकवली आणि घरात फतवा काढला: जो कोणी खाद्य टाकेल त्याने वेळ लिहून सही करायची. पहिल्या दिवशी सात नोंदी झाल्या. नात शाळेत जाताना, सूनबाई कामावर जाताना, पूजा आटोपून सौभाग्यवती, केर काढताना कामाच्या मावशी, शाळेतून आल्यावर पुन्हा नात, संध्याकाळी मुलगा आणि रात्री झोपण्यापूर्वी एक थरथरत्या अक्षरातली सही, ती माझी. प्रत्येकाला वाटत होते, आपणच काय ते यांच्याकडे लक्ष देतो.

मासा दोन मिनिटांत जेवढे संपवेल तेवढे त्याला पुरते, तेही दिवसातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचे तळाशी जाऊन कुजते. मी पश्चिम महाराष्ट्रात उसाला कर्जे वाटली आहेत, त्यामुळे युरियाची पोती म्हणजे काय ते मला सांगावे लागत नाही. आमच्या पेटीत आम्ही रोज चिमटीचिमटीने तेच टाकत होतो. त्यावर पूर्वेचे ऊन आणि रात्री अकरापर्यंत जळणारा दिवा. खत, पाणी आणि चौदा-पंधरा तास उजेड दिल्यावर त्या वाफ्यात काही उगवू नये ही अपेक्षा कोणत्या शेतकऱ्याने केली असती? गंमत म्हणजे खाद्याच्या डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'स्पिरुलिनायुक्त'. स्पिरुलिना म्हणजे बाजारात शेवाळ म्हणूनच विकली जाणारी चीज. आम्ही काचेवरचे फुकटचे शेवाळ मारण्यासाठी एक बाटली आणि डबीतले शेवाळ खाऊ घालण्यासाठी दुसरे बिल, असे दोन्हीकडून पैसे मोजत होतो.

मग काय केले? पेटी खिडकीपासून हलवली. दिव्याला टायमर लावला, दिवसाला सात तास. खाद्य एकदाच, आणि एकादशीच्या धर्तीवर आठवड्यातून एक दिवस कडक उपास. निरोगी मोठ्या माशांना तो काही बाधत नाही. दर रविवारी साधारण पाव हिस्सा, म्हणजे एक छोटी बादली पाणी काढायचे आणि आदल्या रात्री उघडे ठेवलेले घालायचे, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. गाळणीचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा. विरजण! काढलेले पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना जाते आणि आमच्या गुलाबांना ते फार मानवले आहे. व्हॅलिसनेरिया लावली. शिवाय गॅलरीतल्या मनीप्लांटच्या दोन फांद्या अशा टांगल्या की मुळे तेवढी पाण्यात राहतील, कारण शेवाळ जे खाते तेच ही मुळेही खातात. समोरची काच नात स्पंजने पुसते.

दहा दिवसांत काही फरक पडला नाही. मुलाने विचारले, "बाबा, ती बाटली अजून अर्धी आहे, थोडी टाकू का?" तो वाईट मुलगा नाही. त्याच्या पिढीला दहा दिवस म्हणजे फार वाटतात इतकेच. चौथ्या आठवड्यात हिरवे वाढायचे थांबले. सातव्यात उरलेल्या दोन मॉली काचेला तोंड लावून टिपताना दिसल्या. बाटली मी कुठे ठेवली हे मी कोणाला सांगितलेले नाही.

शेवाळाचे प्रकार पुष्कळ आहेत. नव्या पेटीतला तपकिरी थर सहसा आपणहून जातो, त्याची चिंता करू नये. चादरीसारखे सुटे होणारे, निळसर हिरवे, वास मारणारे जे असते ते खरे तर शेवाळच नव्हे, ते जिवाणू आहेत. ते हाताने काढावे आणि पाणी खेळते ठेवावे. पण त्यांना नाक मुरडण्यापूर्वी एक लक्षात घ्यावे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचू लागला तो यांच्याच पूर्वजांनी सोडलेला. त्यांच्या आधी हवा घेण्याजोगी नव्हती, आणि काच पुसायला आपणही नव्हतो.

आता कोणी म्हणेल, एका घरगुती पेटीची एवढी कथा कशाला? त्याचे कारण १९७३ सालच्या कॅनडातल्या एका तळ्यात आहे. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी '२२६ क्रमांकाचे तळे' मधोमध पडदा टाकून दुभागले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, आणि एका भागात त्याबरोबर फॉस्फरसही. काही आठवड्यांत तो भाग हिरवाकंच झाला, दुसरा निळा राहिला. विमानातून काढलेले ते छायाचित्र जगभर गाजले. तोवर कपड्याच्या साबणातल्या फॉस्फेटने तळी बिघडतात की नाही यावर कारखानदार आणि शास्त्रज्ञ तावातावाने भांडत होते. त्या छायाचित्रानंतर भांडणे अवघड झाले, आणि साबणांतल्या फॉस्फेटवर बंधने आणण्याच्या चळवळीला बळ मिळाले. लक्षात घ्या, कोणी तळ्यात शेवाळ मारण्याचे औषध ओता म्हटले नाही. आत येते ते थांबवा, म्हटले.

आमच्याकडे उलटे चालते. पुण्यात दर उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जलपर्णी पसरते, दर वर्षी ती यंत्रांनी काढतात, आणि जे सांडपाणी तिला पोसते ते नदीत येतच राहते. पाषाणच्या तळ्याची तीच गत. कोल्हापूरचा रंकाळा ज्यांनी लहानपणी पाहिला आहे, त्यांना त्या पाण्यावरचा हिरवा तवंग पाहून काय वाटते हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. यंत्रे आणू नयेत असे मी म्हणत नाही. समोरची काच आम्हीही पुसतोच. पण महापालिकेच्या सभागृहात कोणी तरी एक वही दोऱ्याने टांगून, कोणता नाला दिवसातून किती वेळा खायला घालतो, त्याच्या नोंदी मागितल्या तर त्या सभेला मी स्वखर्चाने जाईन.

गोल भांड्यात एकटा गोल्डफिश ठेवणाऱ्यांशी मात्र मला वाद घालायचा नाही, विनंती करायची आहे. नीट ठेवला तर तो मासा दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर वाढतो. त्या भांड्यात ना गाळणी, ना विरजणाला जागा. ते भांडे फुलांसाठी वापरा.

आमच्या पेटीत आता पुन्हा सहा गप्पी आहेत, शिवाय त्यांची मोजता न येणारी पिल्ले. मागची काच आम्ही पुसत नाही. ती मखमलीसारखी हिरवी आहे आणि दुपारी तिच्यावर पिल्ले टिपत असतात. पाहुण्यांपैकी एखादा म्हणतोच, "मागची बाजू साफ करायची राहिली वाटतं." नात त्यांना मोठ्या अधिकाराने समजावून सांगते, आणि बोलता बोलता 'जुनं पाणी' हा शब्द वापरते. तो तिने कोणाकडून घेतला हे तिला मी सांगितले आहे.

वही अजून खिळ्याला आहे. परवा रात्री मला झोप येत नव्हती. दिवा बंद होता, पण रस्त्यावरच्या उजेडात मॉली काचेपाशी येऊन माझ्याकडे पाहत होती. मी चिमूटभर खाद्य टाकले. सकाळी नात पेटीपुढे उभी राहिली, काठाला चिकटलेले दोन दाणे तिने बोटाने टिपले आणि वही काढून माझ्यापुढे धरली.

"आजोबा, इथे रात्रीची नोंद नाही तुमची."

मी चष्मा शोधू लागलो. पेन तिने आणलेच होते.